जवळचा पावसाचा, लांबचा घाणीचा

मिस्त्रीने त्या वर्षात एकेचाळीस तक्रारी केल्या होत्या आणि त्यातली एकही स्वतःविरुद्ध नव्हती.

तो प्लंबर होता. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरातलं घाण पाणी घराबाहेर काढून दिलं. गुडघे कुरकुरायला लागले तसं काम सोडलं, पण हात रिकामे झाले तरी जीभ काही रिकामी बसेना. त्याचं घर ओढ्याच्या अगदी काठावर, छोट्या पुलाला लागून होतं. स्वयंपाकघराची खिडकी ओढ्याकडे उघडायची. म्हणजे पूर्वी उघडायची. गेली बारा वर्षं तिच्यावर आतून जाड प्लास्टिक ठोकलेलं होतं, आणि तरीही दुपारी ऊन तापलं की फटीतून वास यायचा आणि बायकोला खोकल्याची उबळ आणायचा. ती खोकायला लागली की मिस्त्री पायात चपला सरकवून पुलावर जायचा आणि खालच्या काळ्या पाण्याकडे बघत कोणाला ना कोणाला शिव्या घालायचा. लग्नाच्या वर्षी याच पाण्यात तो सुटीच्या दिवशी गळ टाकून बसायचा आणि संध्याकाळी दोन-चार मासे तरी घरी न्यायचा. आता टाकला असता तर गळच आजारी पडला असता.

शिव्यांचं पुढे अर्जांत रूपांतर झालं. लॉन्ड्रीवाल्याचा फेस ओढ्यात येतो. गॅरेजवाला गाड्या धुतलेलं तेलकट पाणी झाडूने रस्त्याकडेच्या जाळीत ढकलतो. खानावळीवाला तळणाचं उरलेलं तेल त्याच जाळीत ओततो. कुत्रेवाले कुत्री फिरवतात आणि मागे वळून बघत नाहीत. प्रत्येकाच्या नावाने एक कागद. पालिकेच्या कार्यालयातला कारकून मिस्त्री दारात दिसला की शेजाऱ्याला म्हणायचा, "आले बघ, ओढ्याचे मालक." कागदावर शिक्का बसायचा, पोच मिळायची आणि पुढे वाटाण्याच्या अक्षता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी एक म्हण आहे. मिस्त्री वाकून पाहण्यात तर तरबेज झाला होता. आपलंही काही झाकलेलं आहे, हे मात्र त्याच्या गावीही नव्हतं.

ते झाकलेलं होतं टेकडीच्या गल्लीत. ही गल्ली म्हणजे मिस्त्रीचा जीव की प्राण. वीस वर्षांपूर्वी तिथे नवी घरं झाली. एकोणीस टेकडीच्या बाजूला, एकोणीस समोर ओढ्याच्या बाजूला, आणि अडतीसही घरांच्या संडास-न्हाणीघरांचं काम एकट्या मिस्त्रीने घेतलं. एका हंगामात पुरं करून दिलं. टेकडीकडची माणसं आजही त्याला रस्त्यात थांबवून सांगायची, "मिस्त्री, वीस वर्षांत एकदाही तुंबलं नाही हो." ओढ्याकडच्या बाजूचं तेवढं चांगलं नव्हतं. तिथे पावसाळ्यात तुंबायचं, कधी कधी उलटं वर यायचं. पण ती बाजू सखल, ही उंच. पाणी उताराने जाणार, त्याला मिस्त्री काय करणार? असं सगळेच म्हणायचे. मिस्त्री तर सर्वांत आधी म्हणायचा.

एकेचाळिसाव्या तक्रारीनंतर मात्र चमत्कार झाला. कार्यालयातून खरोखर कोणीतरी आलं.

आली ती एक तरुण इंजिनियर. खांद्याला पिशवी, पिशवीत रंगाच्या पुड्यांच्या बाटल्या. तिचं कामच ते. संशय असलेल्या घराच्या संडासात रंग टाकायचा, पाणी सोडायचं आणि रंग कुठल्या पाइपातून बाहेर येतो ते बघायचं. सगळे तिला रंगवाली म्हणायचे आणि तिची त्याला हरकत नव्हती. मिस्त्रीला हे तंत्र इतकं आवडलं की तो लगेच तिचा बिनपगारी मदतनीस झाला.

गॅरेजच्या संडासात तिने हिरवा रंग टाकला. तो रीतसर घाणीच्या पाइपात निघाला. मिस्त्रीचा चेहरा पडला.

"संडास बरोबर जोडलाय, काका," रंगवाली म्हणाली. "पण हे गाड्या धुतलेलं पाणी जाळीतून थेट ओढ्यात जातंय, ते मी लिहिते. तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे."

"निम्मं? मॅडम, ओढ्याला संडासाचा वास येतो. गाडी धुवून संडासाचा वास येतो का?"

"नाही येत. म्हणून तर मी टेकडीच्या गल्लीत चालले आहे. तिथल्या पावसाच्या पाइपाचं तोंड पुलाखाली उघडतं आणि पाऊस नसतानाही त्यातून पाणी येतंय. तुम्ही पुलाखाली उभे राहाल? रंग दिसला की फोन करा."

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. शहराच्या रस्त्यांखाली दोन पाण्यांचे दोन पाइप असतात. एक घाणीचा: संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर, सगळं त्यात, ते शुद्धीकरण केंद्रात जातं. दुसरा पावसाचा: छपरावरचं आणि रस्त्यावरचं पाणी त्यात, ते जसंच्या तसं ओढ्यात पडतं. पहिला अरुंद, दुसरा चांगला माणूस वाकून आत जाईल एवढा. या दोघांची कधीही गाठ पडू द्यायची नाही, एवढाच प्लंबरचा धर्म. बाकी सगळी कारागिरी.

मिस्त्री पुलाखालच्या दगडावर उभा राहिला. रंगवाली गल्लीत गेली. टेकडीकडच्या पहिल्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. त्यांच्या संडासात रंग पडला आणि सातव्या मिनिटाला पावसाच्या पाइपाच्या तोंडातून झगझगीत हिरवं पाणी ओढ्यात आलं.

मिस्त्री अक्षरशः नाचला. सापडला चोर! इतक्या वर्षांनी सापडला! त्याने फोन केला तेव्हा त्याला धाप लागली होती. "हिरवं आलं! मॅडम, हिरवंगार आलं!" आणि फोन ठेवल्यावर त्याच्या डोक्यात हळूच प्रश्न आला की हे घर जोडलं कोणी?

बाईंनी नंतर दुरुस्ती केली असेल. हल्लीची पोरं काहीही जोडतात. हे त्याने स्वतःला समजावलं. मग दुसऱ्या घराचा लाल रंग आला. तिसऱ्याचा पुन्हा हिरवा. चौथ्या घराच्या वेळी त्याने फोन केलाच नाही. रंगवालीनेच केला.

"काका, आला का?"

"आला," मिस्त्री म्हणाला.

तो गुडघे सांभाळत वर गल्लीत आला आणि रस्त्याच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. त्याच्या वस्तादाने, म्हणजे ज्याच्या हाताखाली तो शिकला त्याने, एक सूत्र घालून दिलं होतं: जवळचा पावसाचा, लांबचा घाणीचा. घराच्या उंबऱ्यावर उभं राहायचं, रस्त्याकडे बघायचं. रस्त्याखालून सोडलेली दोन तोंडं असतात. जवळच्या तोंडाला छपराचा पाइप जोडायचा, लांबच्याला संडासाचा. जुन्या वस्तीत हे सोळा आणे खरं होतं. तिथे पावसाचे पाइप रस्त्याच्या दोन्ही कडांनी वेगळे आणि घाणीचा एकच, मधून. कुठल्याही उंबऱ्यावर उभे राहा, जवळचा पावसाचाच. पण टेकडीची गल्ली अरुंद. तिथे दोनच पाइप टाकलेले, मध्यावर, एकमेकांना चिकटून. ओढ्याच्या बाजूला पावसाचा, टेकडीच्या बाजूला घाणीचा. ओढ्याकडच्या उंबऱ्यावरून सूत्र बरोबर. टेकडीकडच्या उंबऱ्यावरून तेच सूत्र बरोबर उलटं.

मिस्त्री ओढ्याकडच्या घरांकडे तोंड करून उभा राहिला. मग वळून टेकडीकडच्या घरांकडे तोंड केलं. मग परत वळला. एक बाई भाजीची पिशवी घेऊन जाताना थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

नकाशा होता. कार्यालयात भिंतीवर टांगलेला होता. "नकाशा बघतो तो शिकाऊ," असं मिस्त्री तेव्हा छाती काढून म्हणाला होता आणि आजूबाजूचे गवंडी हसले होते. एकोणीस घरं. वीस वर्षं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. ज्या वासाच्या नावाने तो इतकी वर्षं बोटं मोडत होता तो वास त्याच्याच हातचा होता. तो गटाराच्या झाकणाशेजारी मटकन खाली बसला. त्याला इतकी लाज वाटली की रंगवालीकडे मान वर करून बघवेना.

"काका, असं होतं," ती म्हणाली. चांगली पोरगी होती. "मी रिपोर्ट देते."

"मग दुरुस्ती कधी?"

तिने उत्तर द्यायच्या आधी जो श्वास घेतला त्यावरूनच मिस्त्रीला कळलं. रस्त्याचं डांबरीकरण नुकतंच झालं होतं, तीन वर्षं खोदायला बंदी. शिवाय घराच्या हद्दीतलं काम घरमालकाने करायचं. कार्यालय नोटीस देऊ शकतं. नोटिशीला मुदत असते. मुदतीला मुदतवाढ असते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बेचाळिसावी तक्रार घेऊन गेला.

"तक्रार कोणाविरुद्ध?" कारकुनाने वर न बघता विचारलं.

"माझ्याविरुद्ध."

कारकुनाने वर बघितलं. "म्हणजे?"

"एकोणीस घरांचे संडास मी पावसाच्या पाइपाला जोडलेत. चुकून. लिहून घ्या."

"अहो, तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, एकच माणूस कसा चालेल? संगणक घेत नाही."

"मग संगणकाला सांगा, हा म्हातारा गाढव आहे."

"तसा रकाना नाही," कारकून म्हणाला, आणि खरंच नव्हता.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोवर तो दुसऱ्यांवर चिडायचा; त्यात एक प्रकारची मजा होती. आता चीड घरातच येऊन बसली होती. तो रात्रंदिवस एकच हिशेब मांडत राहिला की रस्त्याला हात न लावता हे कसं फिरवता येईल. आणि उत्तर होतं. दोन्ही पाइप घराच्या अंगणातूनच बाहेर जात होते. अंगणात चार हात लांब खड्डा घेतला, दोन्ही कापले, दोन वळणं टाकून एकमेकांच्या जागी नेले की झालं. एका घराला एक दिवस. एकोणीस घरांना, गुडघ्यांची रजा धरून, महिना-दीड महिना. सामान त्याच्याकडे पडलेलं होतं. फुकट करून देणार होता.

"फुकट म्हटलं की लोक आधी दार लावतात," बायको म्हणाली. "आणि तुम्ही सांगणार काय त्यांना? की मी चूक केली?"

"हो."

"वीस वर्षं नाव कमावलंत ते असं दारोदार जाऊन पुसून येणार?" तिला पुन्हा उबळ आली. खोकला थांबल्यावर तिने डोळे पुसले. "जा. पण नवीन शर्ट घालून जा."

नवीन शर्ट घालून मिस्त्री पहिल्यांदा मुख्याध्यापिका बाईंकडे गेला. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस्त्री, मी शहरभर तुमचं नाव सांगते. तुमच्या कामाला तोड नाही. वीस वर्षांत एकदाही तुंबलं नाही."

"बाई, तुंबलं नाही कारण ते चुकीच्या पाइपात जातंय. तो मोठा आहे. म्हणून तुंबत नाही."

"मग तुम्ही ते लहान पाइपात घालणार. आणि तुंबलं तर?"

इथे मिस्त्री अडकला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. "तुंबणारच नाही असं नाही सांगता येणार," तो म्हणाला. "पण घाण ओढ्यात जाते हो, बाई. तुमची. माझ्या घरामागे."

"ते वाईटच आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "त्याचं कार्यालयाने काहीतरी केलं पाहिजे."

एकोणीस घरांत एकोणीस तऱ्हा, पण उत्तर तेच. एकाने फरशी नुकतीच बसवली होती. एकाने भाऊ परदेशातून आला की विचारू म्हटलं. एक जण म्हणाला, सगळे करतील तेव्हा मीही करेन, आणि त्याच्या शेजारचाही नेमकं हेच म्हणाला. वाईट कोणी नव्हतं. हेच तर डोकं फिरवणारं होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. या सगळ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, कामाची तारीफ केली आणि दार लावून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी कशाला म्हणतात ते मिस्त्रीला त्या आठवड्यात नीट कळलं.

शेवटी त्याने गल्लीतल्या सगळ्यांना एका रविवारी एकत्र बोलावलं. दोन्ही बाजूंच्या लोकांना. रंगवालीही आली, सुटी असून. मिस्त्रीने खडूने रस्त्यावर दोन पाइप काढले, दोन्हीकडची घरं काढली आणि सगळं सांगितलं. आपली चूक सांगितली, नकाशा न बघितल्याचं सांगितलं. आणि शेवटी ओढ्याकडच्या बाजूला वळून एक गोष्ट सांगितली, जी त्याला स्वतःलाही आठ दिवसांपूर्वीच सुचली होती.

"टेकडीकडचे संडास पावसाच्या पाइपात गेले, तशी टेकडीकडची छपरं घाणीच्या पाइपात आली. एकोणीस छपरांचं पाणी त्या अरुंद पाइपात. तो भरतो आणि तुमच्या न्हाणीघरात उलटा येतो. तुमची बाजू सखल आहे म्हणून नाही. माझ्यामुळे. हे फिरवलं की तुमचंही तुंबणं थांबेल."

मग ओढ्याकडच्या सातव्या घरातली बाई पुढे आली. चाळिशीची, हाडकुळी, दंड मात्र पैलवानासारखे. "म्हणजे माझ्या सासूच्या खोलीत जे येतं ते यांच्या छपराचं पाणी?"

"हो, ताई."

पुढे जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. दोन्ही बाजूंनी वीस वर्षांचं जुनं-पुराणं निघालं. कोणाची गाडी कोणाच्या दारात, कोणाच्या झाडाची पानं कोणाच्या अंगणात. खडूचे पाइप पायाखाली पुसून गेले. रंगवालीने मिस्त्रीला हाताला धरून बाजूला काढलं. तरी घरी जाताना त्याला हलकं वाटत होतं. सांगून झालं होतं. आता काहीतरी हलेल, असं त्याला मनापासून वाटलं.

आणि हललंच. आठ दिवसांनी सकाळी तो गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा कुदळीचा आवाज येत होता. सातव्या घरासमोर एक गाडी उभी होती, तिच्यावर त्याच्या चेल्याचा फोन नंबर. चेला आता चांगला पंचेचाळिशीचा, स्वतःची तीन माणसं बाळगणारा, पण शिकला मिस्त्रीच्याच हाताखाली. मिस्त्रीला भरून आलं. तो घरी परतला, हत्यारांची पिशवी उचलली आणि जवळजवळ पळतच परत आला.

"अरे, मला बोलवायचं नाही का!" तो फाटकातूनच ओरडला. "पण समोरून सुरुवात करायची, या बाजूचं बरोबरच आहे."

चेल्याने खड्ड्यातून वर बघितलं. "समोरचे नाही म्हणाले, वस्ताद. या ताईंनी बोलावलं. अजून चार घरांनी सांगितलंय."

"या घरात काय फिरवणार तू? हे बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणूनच तुंबतं ना," चेला समजुतीने म्हणाला. "संडास त्या मोठ्या पाइपाला जोडून देतो. समोरच्यांसारखा. तुम्हीच सांगितलंत रविवारी, तो तुंबत नाही म्हणून."

करायला गेलो काय आणि झालं काय! एकोणीस घरं होती, त्यांची चोवीस होणार, मग अडतीस. आणि हे त्याने आपल्या तोंडाने, खडूने चित्र काढून, सगळ्यांना बोलावून शिकवलं होतं. तो पिशवीसकट खड्ड्यात उतरला, उतरला म्हणजे घसरला, आणि कापायला काढलेल्या पाइपावर फतकल मारून बसला.

"वस्ताद, उठा. चिखल आहे."

"मी उठणार नाही. तुझ्या करवतीने मला काप आधी."

आवाज ऐकून बाई बाहेर आली. तिच्या हातात बादली होती; तिने मिस्त्रीला हाताने खूण केली, वर या म्हणून. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मिस्त्री उठला. तिने त्याला आत नेलं. न्हाणीघराला लागून एक खोली होती, त्यात खाटेवर तिची सासू पडलेली. खाटेचे पाय विटांवर चढवलेले. भिंतीवर टाचेच्या वर वीतभर उंचीवर तपकिरी रेघ होती, तिच्या खाली दुसरी, तिच्या खाली तिसरी.

"मागच्या वेळी रंग दिल्यापासून प्रत्येक पावसाळ्याची एक," बाई म्हणाली. "मी उपसते. हिला उचलता येत नाही, म्हणून खाट उंच केली. ती सगळं बघत असते. मिस्त्री, मला ओढ्याचं सांगू नका."

म्हातारीने मिस्त्रीकडे बघून ओळखीचं हसू दाखवलं. तिच्या घराचं काम त्यानेच केलं होतं, तिला आठवत होतं. मिस्त्रीचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःचाच इतका संताप आला की मुठी वळल्या. या बाईला नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर ओढ्याचं काय राहणार?

मग त्याला ते दिसलं. तिला संडास फिरवायची गरजच नव्हती. तिच्या खोलीत येत होतं ते समोरच्या छपरांमुळे. छपराचा पाइप भिंतीवरून खाली येतो आणि जमिनीत शिरतो. गुडघाभर उंचीवर तो कापला की पाणी अंगणात पडेल, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून जाळीत, जाळीतून पावसाच्या पाइपात. जिथे जायला हवं तिथेच. खड्डा नको, फरशी फोडायला नको. दहा मिनिटांचं काम.

"ताई, मला आजचा दिवस द्या," तो म्हणाला. "समोरच्या सगळ्या छपरांचे पाइप तोडतो. यंदाच्या पावसाळ्यात या खोलीत थेंब आला तर मी स्वतः येऊन तुमचा संडास फिरवून देईन. तोवर त्याला हात लावू नका."

बाईने समोरच्या घरांच्या दिशेने मान हलवली. "आणि ते तोडू देतील?"

"विचारतो कोण?"

तो करवत घेऊन रस्ता ओलांडून गेला, मुख्याध्यापिका बाईंच्या फाटकातून आत शिरला, त्यांच्या भिंतीशी गुडघ्यावर बसला आणि कापायला लागला. बाई खिडकीत आल्या. "अहो मिस्त्री! काय करताय हे? माझं घर आहे!"

"छपराचा पाइप कापतोय, बाई."

"मी सगळ्यांना सांगेन! मिस्त्रीचं काम असलं आहे म्हणून सगळ्यांना सांगेन!"

"सांगा," मिस्त्री करवत न थांबवता म्हणाला. "वाईटच होतं काम. शहरभर सांगा."

पाइपाचा तुकडा खाली पडला. तो उठला, दुसऱ्या घराच्या फाटकाशी गेला, तर आतून कडी. तिसऱ्याच्याही आतून कडी. पुढे एकेक कडी लागल्याचा आवाज त्याला ऐकू आला, वरपर्यंत. अठरा फाटकं. मिस्त्री करवत घेऊन रस्त्यात उभा राहिला. फाटकावर चढायचं वय नव्हतं. त्याला रडावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून सातव्या घरातली ती बाई आली. बादली तिच्या हातात तशीच होती. तिने ती दुसऱ्या घराच्या फाटकावर जोरात आपटली.

"उघडा! यंदा माझ्या सासूच्या खोलीत जे येईल ते मी या बादलीने तुमच्या दारात आणून ओतणार. तुमच्याच छपराचं पाणी आहे. रोज ओतणार. आत्ताच सांगून ठेवते."

आत कुजबुज झाली. पडदा हलला. तिने पुन्हा बादली आपटली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं आली. चेला आणि त्याची माणसं खड्ड्यातून माना वर काढून बघत होती. बऱ्याच वेळाने दार उघडून घरमालक बाहेर आला; फरशीवाला हाच. त्याने कडी काढली, पण फाटक हातात धरून ठेवलं.

"फक्त छपराचा पाइप," तो मिस्त्रीला म्हणाला. "संडासाला हात लावायचा नाही. आत्ता नाही आणि पुढेही कधी विषय काढायचा नाही. कबूल असेल तर या."

मिस्त्रीने मागे वळून बघितलं. बाई बादली घेऊन उभी होती. ती त्याच्या उत्तराची वाट बघत होती, आणि वरच्या सतरा घरांतली माणसंही.

"नाही काढणार विषय," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की घरमालकाने पुन्हा विचारलं, आणि त्याला ते पुन्हा, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं. मग तो आत गेला, भिंतीशी गुडघ्यावर बसला आणि त्याने करवत लावली.